रिठी गावातली दोन माणसं

ज्या गावात एकही चूल पेटत नाही, त्याला आमच्याकडे रिठी म्हणतात. केशोरीच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव होतं. मानमोडीच्या तापाची साथ आली आणि तिने ते एका हंगामात रिकामं केलं. माझा नवरा गेला, सासूबाई गेल्या, शेजारचं घर तर अख्खं गेलं. जे वाचले त्यांनी बैलगाड्या जुंपल्या आणि नात्यागोत्यात निघून गेले. मागे उरलो आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणायची.

माझा भाऊ मला न्यायला तिरोड्याहून आला, तेव्हा मामाजी ओट्यावर बसले होते.

"घेऊन जा बापू हिले," ते म्हणाले. "मी राहतो."

"एकटे कायले राहता?" भावाने विचारलं.

"माह्या आज्यानं जंगल तोडून हे गाव बसवलं. तलाव त्यानंच बांधला. त्याच्या आधी इथं माणूस नव्हता. मी गेलो तर गाव रिठी होईन."

मी भावाबरोबर गेले नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मामाजींना भात शिजवता येत नव्हता, एवढं खरं.

आधी गावातली कुत्री गेली. मग छपरांवरची कवेलू घसरू लागली. शेजारच्या अंगणात वालाच्या वेलाला शेंगा लगडल्या. त्या तोडता तोडता मी सवयीने आतल्या बाईला हाक मारली, आणि मग कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले. मामाजी मुळातच कमी बोलणारे. आम्ही तलावाखालची धानाची एकच बांधी कसत होतो. दिवसभरात माझं जास्त बोलणं बैलाशीच व्हायचं.

उन्हाळ्यात विहीर आटली, तलावही कोरडा पडला. पाण्यासाठी आम्ही तलावाच्या पोटात झिरा खणायला घेतला. कंबरभर खाली मामाजींची कुदळ दगडावर वाजली. माती सारली तर काळे पडलेले तीन दगड, मध्ये राखेचा करडा थर. बाजूला जाड खापऱ्या, आणि मधोमध झिजून खोल गेलेला एक पाटा.

"हे कोणाचं असन, मामाजी?"

"चूल होय."

"ते दिसते. पण कोणाची?"

त्यांनी चिमूटभर राख बोटांत चोळली. "तलावाच्या आधीची. म्हणजे आज्याच्याही आधीची." कुदळ तिथेच टाकून ते तलावाच्या बांधावर, पाळीवर जाऊन बसले. घरातलं आणखी एक माणूस गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

मला मात्र शेजार मिळाल्यासारखं वाटलं. एवढा दगड झिजवायला एका बाईचा जन्म पुरत नाही. तिच्यानंतर तिची सून, मग सुनेची सून. त्या सगळ्या कुठे गेल्या? त्यांच्यातही कोणी माझ्यासारखी शेवटी उरली असेल का?

मी आणखी हातभर खणलं, तेव्हा पाणी लागलं. पाटा मी घासूनपुसून घरी आणला.

"मेल्या माणसाची वस्तू घरात काऊन आणली?" मामाजी चिडले.

"आपल्या घरात कोणती वस्तू मेल्या माणसाची नाई?"

त्या दिवशी त्याच पाट्यावर वाटलेली मिरचीची चटणी त्यांनी पुन्हा मागून घेतली. जेवण झाल्यावर म्हणाले, "आपल्या मागं इथं कोण येईन?"

"येईन कोणी. पाणी आहे ना."

"त्याले आपलं का मालूम पडन?"

"आपल्याले त्यांचं का मालूम होतं?"

मामाजी हसले. साथीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

धानाची कापणी व्हायच्या आधी ते गेले. सकाळी उठवायला गेले तर अंग गार. गावात खांदा द्यायला कोणी नव्हतं. मी त्यांच्यावर धोतर पांघरलं, दार ओढून घेतलं आणि केशोरीपर्यंत चालत गेले. तिथली माणसं आली, त्यांनी सगळं रीतीने केलं. जाताना त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "आता एकटी नको राहू बाई."

भाऊ न्यायला आला त्या दिवशी चुलीत पाणी ओतताना माझा हात थांबला. मामाजींनी जे होऊ दिलं नाही, ते मी करत होते. मग ओतलं.

तिरोड्याला घर भरलेलं होतं. भावजय, पोरं, येणारेजाणारे. सगळे मायेने वागत. पण माझं गाव पाहिलेलं तिथे कोणी नव्हतं. वालाच्या शेंगांची गोष्ट सांगितली तर लोक ऐकून घेत आणि दुसरं काही बोलू लागत. रिकाम्या गावात मला एवढं एकटं वाटलं नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी केशोरीकडे एका लग्नाला गेले होते. परतताना मी गाडीवाल्याला गाडी तिकडे वळवायला लावली. तलावाच्या पाळीजवळ नव्या झोपड्या होत्या. कडेवर पोर घेतलेली एक बाई पाणी घेऊन आली.

"कोणत्या गावच्या जी?"

"तिरोड्याच्या."

"इथं मले करमत नाई," ती आपणहून म्हणाली. "लई सुनं वाटते."

"करमन," मी म्हटलं. "पण पोरांले तलावाच्या उगवतीकडे नको जाऊ देऊ. तिथं गाळ खोल आहे, म्हैस फसते."

तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुमाले कसं मालूम?"

मी सांगायला लागले. गाडीवाला घाई करत होता. तिने त्यालाही बसायला लावलं आणि आमच्यासाठी भात टाकला.