देवघरातला डच स्वार

मंडळी, दुपारपासून माझी दोन बोटं पिवळी आहेत, साबणाला दाद देत नाहीत, आणि या अन्यायाची घरात कोणीही दखल घेतलेली नाही.

झालं असं, नागरवाड्यातल्या शिर्केकाकूंनी बोलावलं. तीन-चारशे वर्षांपूर्वीची युरोपातली चांदीची नाणी जमवायचा माझा नाद त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या देवघरात खंडोबाचा टाक आहे आणि गुजराती सूनबाई म्हणते, हा देव नाही, नाणं आहे.

"नाणं निघालं तर घेऊन जा," काकू म्हणाल्या. "देव निघाला तर हात जोड आणि चहा पिऊन जा."

टाकावर हळदीचा जाड थर होता. जुनं नाणं कधी पुसू नये, असं मीच सगळ्यांना बजावतो. पुसलं. खाली घोडा, तलवार उगारलेला स्वार, कडेने लॅटिन अक्षरं. वीस वर्षं मी हेच डच नाणं शोधतोय.

"काका, साचुं बोलजो, खरं सांगा," सूनबाई म्हणाली.

"काकू, नाणंच आहे. हॉलंडचं."

काकूंनी ते डोळ्यांजवळ धरलं. "घोडा आहे, तलवार आहे. सासूबाईंनीही हाच पूजला." मग माझ्यापुढे केलं. "पण शब्द दिलाय. ने."

हॉलंडचा हा स्वार नागरवाड्यात कसा पोचला असेल? सुरतेच्या वखारीतून, की कुणा शिपायाच्या कमरेला बांधलेल्या पिशवीतून? तुमच्या देवघरातले टाक एकदा नीट बघाल का?

मी चहा प्यायलो. निघण्याआधी पुसलेली हळद माझ्या हाताने परत लावली आणि टाक जागेवर ठेवला.