चवीपुरतं मीठ

ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगायची टाळली, असं लिहायला घेतलं होतं. पण ते खोटं ठरेल. गोष्ट मी भरपूर सांगितली. स्टाफरूममध्ये सांगितली, निरोप समारंभांत सांगितली, एका लग्नात तर पंगतीत बसल्या बसल्या वाढप्याला थांबवून सांगितली. कोकणातून एक बाई जिवंत शिंपले घेऊन आल्या आणि ते शिंपले भर सभेत रुसून बसले, अशी ती गोष्ट. दर वेळी हशा मिळाला. टाळला तो फक्त तिच्यातला माझा भाग.

गेल्या महिन्यात आमच्या विभागातल्या आजी-माजी प्राध्यापकांचा मेळावा झाला. तिथे एका तरुण प्राध्यापकाने तीच गोष्ट माझ्याच हातवाऱ्यांसकट सांगितली. हे सगळं घडलं तेव्हा हा शाळेत असेल. शेवटी त्याने वर तात्पर्यही जोडलं, "म्हणून म्हणतो, तयारी नसेल तर स्टेजवर जायचं नाही." सगळे हसले. सवयीने मीही हसलो. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. त्या बाईंची तयारी उत्तम होती, हे ठाऊक असलेला त्या खोलीत मी एकटाच होतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. किनारपट्टीवर संशोधन करणाऱ्या मंडळींची विभागीय परिषद नाशिकला आमच्या कॉलेजात भरली. नाशिकला समुद्र नाही, हे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खरं तर तेच आकर्षण होतं. वर्षभर खाडीच्या चिखलात गुडघाभर उभं राहणाऱ्या माणसाला परिषदेसाठी पुन्हा खाडीवरच बोलावणं हा अन्याय आहे, असं मुख्य आयोजकांचं मत पडलं. शिवाय फेब्रुवारी होता. कार्यक्रमपत्रिकेत 'क्षेत्रभेट' या भारदस्त नावाखाली दिंडोरीकडचा एक द्राक्षमळा होता, आणि समारोपानंतर त्र्यंबकेश्वर. खारफुटीचे अभ्यासक द्राक्षांचे घड किती बारकाईने तपासत होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रवाळांवर काम करणाऱ्या एका गृहस्थांनी तर नमुने म्हणून दोन पेट्या नेल्या.

मी स्थानिक सचिव होतो. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे समुद्राशी माझा संबंध जुना आणि घनिष्ठ होता. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात तो फॉर्मालिनच्या बरण्यांत भरून ठेवलेला होता. त्यातल्या एका तारामाशाचा एक हात तुटलेला होता. तारामाशाचा तुटलेला हात पुन्हा उगवतो, हे मी दरवर्षी त्याच बरणीकडे बोट दाखवून शिकवत असे. त्याचा काही उगवला नाही. जिवंत सागरी प्राणी मी असा कधी सांभाळला नव्हता. पण परिषदेत छातीवर रेशमी फुलाचा बिल्ला लावून फिरताना ते कुणाला सांगण्याचं कारण नव्हतं.

त्या बाई परिषदेच्या आदल्या संध्याकाळी एसटीने आल्या. तिशीच्या असाव्यात. रत्नागिरीकडच्या एका खाडीवर त्या काम करत होत्या. कायम नोकरी नव्हती, मुदतीचा प्रकल्प होता आणि मुदत संपत आली होती. प्रकल्पाला पैसे देणाऱ्या समितीवरचे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ आमच्याकडे प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. त्यांना पटलं तर प्रकल्प पुढे चालणार, नाही पटलं तर बाई घरी आणि खाडीवर भराव, इतकं ते सरळ होतं. हे त्यांनी मला आल्या आल्याच सांगितलं, लपवलं नाही.

त्यांच्या एका हातात थर्माकोलचं खोकं होतं. त्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या तिसऱ्या होत्या, म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारे पट्टेदार शिंपले. दुसऱ्या हातात खाडीच्या पाण्याने भरलेला मोठा प्लॅस्टिकचा कॅन.

"एवढ्या लांबून पाणी आणलंत?" मी विचारलं. "नाशिकला काय पाणी नाही का, मॅडम?"

"हे नाही ना, सर," त्या हसून म्हणाल्या. मी तो विनोद समजून हसलो. ती सूचना होती.

त्यांचा प्रयोग असा होता: काचेची दोन भांडी घ्यायची, दोन्हींत खाडीचं पाणी, दोन्हींत सारखाच गाळ ढवळायचा. एका भांड्यात तिसऱ्या सोडायच्या, दुसरं रिकामं ठेवायचं. तिसऱ्या पाणी आत ओढतात, गाळून बाहेर सोडतात. व्याख्यान संपेपर्यंत त्यांच्या भांड्यातलं पाणी आरपार दिसायला लागतं आणि दुसरं गढूळच राहतं. ही खाडी ज्यांनी स्वच्छ ठेवली आहे त्यांच्यावरच आपण भराव टाकणार आहोत, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. आमच्या प्रयोगशाळेत त्यांनी ट्रेमध्ये थोडं पाणी ओतून तिसऱ्या ठेवल्या. थोड्या वेळाने शिंपल्या किंचित उघडल्या आणि आतून पांढरट नळ्या बाहेर आल्या. बाई वाकून बघत राहिल्या. "बसल्या हं," त्या म्हणाल्या, जसं परक्या घरी नेलेलं लेकरू झोपल्यावर आई म्हणते तसं. मग खोलीला कुलूप लावून मी किल्ली खिशात टाकली.

सकाळी पाहुणे यायच्या आधी मी फेरी मारली. प्रयोगशाळा स्वागताच्या रस्त्यावरच होती आणि दार उघडताच असा वास आला, की मला पाहुण्यांच्या आधी नाकाला रुमाल लावावा लागला. ट्रेमधलं पाणी मातकट झालेलं. कॅनमधलंही हिरवट आणि घाण. पाहुणचार हा आमच्या घराण्यात चालत आलेला गुण आहे. मी शिपायालाही बोलावलं नाही. स्वतःच्या हाताने कॅन बेसिनमध्ये रिकामा केला, खंगाळला आणि फिल्टरचं स्वच्छ, गोड, थंडगार पाणी त्यात भरलं. तिसऱ्या नळाखाली चोळून धुतल्या आणि त्यांनाही नवं पाणी दिलं. त्या चमकायला लागल्या. मला इतकं समाधान वाटलं! कोकणच्या पाहुण्यांची नाशिकमध्ये कशी बडदास्त ठेवतात, ते बाईंना कळेल असं मनाशी म्हणत मी पुन्हा कुलूप लावलं. गोड्या पाण्यात सागरी प्राण्याच्या पेशी कशा फुगून फुटतात, हा धडा मी दरवर्षी पहिल्या सत्रात शिकवत असे. परीक्षेला हमखास येतो म्हणून मुलांकडून पाठही करून घेत असे.

दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या, नारळ झाले. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. समुद्राबद्दल बोलताना ते भावुक झाले आणि म्हणाले, "हे खारं पाणीच आपल्या सगळ्यांची आई आहे." टाळ्या झाल्या. माझे हात मात्र टाळीसाठी वर आले आणि तसेच राहिले.

पुढे काय करायला हवं होतं, ते कुणालाही कळेल. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या खुर्चीशी वाकून कानात सांगायचं: घोळ झाला, पाणी मी बदललं, प्रयोग रद्द करा, नुसतं बोला. प्रमुख पाहुणेही हसून सोडून देते. पण मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होतो. सभागृह भरून समुद्राचे जाणकार बसले होते आणि त्यांच्यासमोर मी शिंपल्यांना नळाखाली आंघोळ घातली होती. म्हणून मी खुर्चीकडे न जाता मागच्या दाराने मंडपात गेलो, जिथे जेवणाची तयारी चालली होती.

"मीठ द्या जरा," मी आचाऱ्याला म्हणालो.

"कशात टाकायचं, सर? भाजीत बरोबर हाय. चाखून बघा."

"भाजीत नाही. वेगळं पाहिजे. भरपूर द्या."

त्याने माझ्याकडे आणि माझ्या बिल्ल्याकडे पाहिलं. "कुणाला उलटी काढायची का?"

"असंच समजा."

"मग गरम पाण्यात द्या, सर. लय गुणकारी."

मिठाची पुडी घेऊन मी प्रयोगशाळेत गेलो. कॅनमध्ये ओतलं, ट्रेमध्ये ओतलं, काचेच्या कांडीने ढवळलं आणि चव घेतली. आता समुद्राची नेमकी चव आठवायची कशी? शेवटचं समुद्राचं पाणी मी प्यालो होतो ते कॉलेजच्या सहलीत, गटांगळी खाताना. त्या आठवणीच्या आधाराने अजून दोन मुठी टाकल्या. शास्त्राच्या इतिहासात समुद्राचं पाणी चवीपुरतं मीठ घालून करणारा पहिला माणूस बहुधा मीच. तिसऱ्या मात्र केव्हाच घट्ट मिटून बसल्या होत्या. मी ट्रेवर बोटाने टकटक केली. जणू त्या दार उघडणार होत्या.

दुपारचं पहिलं सत्र बाईंचं होतं. वेळ संपल्याची घंटा वाजवायचं काम माझ्याकडे होतं. त्यांनी कॅनमधून भांडी भरली, गाळ ढवळला, तिसऱ्या सोडल्या आणि बोलायला लागल्या. छान बोलत होत्या. साधं, आपल्या खाडीबद्दल बोलावं तसं. पण मध्ये मध्ये त्यांची नजर भांड्यांकडे जाऊ लागली, मग सभेचीही. दोन्ही भांडी सारखीच गढूळ होती.

"मॅडम, जेवणानंतर आमचंही असंच होतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाशिकची थंडी बाधली त्यांना!"

"अहो, रुसल्यात. द्राक्षं द्या!"

मोठा हशा झाला. प्रमुख पाहुणेही हसले, पण हसणं आवरून त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या नोंदी घेताना तरी हे प्राणी जिवंत होते ना?" हा टोला होता आणि तो बरोबर जागी लागला.

"काल संध्याकाळी उघडल्या होत्या, सर," बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, पाण्याला कुणी हात लावला नाही ना?"

"छे, छे," मी म्हणालो. "खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्याच खिशात आहे." मी ती काढून दाखवलीही. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, फक्त 'छे, छे' सोडून.

बाईंनी भांड्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारं तर आहे," त्या हळूच म्हणाल्या.

आचाऱ्याचं मीठ उपयोगी पडलं होतं. बाई पुन्हा पुन्हा त्याच पाण्यात बोट बुडवून चाखू लागल्या, आणि ते सगळ्यांनाच अवघड होऊ लागलं, म्हणून मी घंटा वाजवली. परिषदेच्या अहवालात मी लिहिलं: 'तांत्रिक कारणामुळे प्रात्यक्षिक पूर्ण होऊ शकले नाही. या विषयावर अधिक अभ्यासाची गरज आहे.' त्या अभ्यासाला मुदतवाढ मिळाली नाही, हे काही दिवसांनी कळलं. त्या वेळी मी गोष्ट सांगायला सुरुवातही केली होती. पहिल्यांदा सांगितली ती कुणी मला विचारू नये म्हणून. नंतर ती चांगली सांगता येऊ लागली म्हणून.

बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, नाशिकला राज्यभरातल्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरलं. मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. कोकणातल्या एका शाळेच्या टेबलामागे त्या उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. आता त्या विज्ञानाच्या शिक्षिका होत्या. त्यांनीच मला ओळखलं आणि वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.

प्रदर्शन संपल्यावर त्यांना एसटी स्टँडवर सोडायला मी मुद्दाम गेलो. रिक्षात बसल्यापासून वाक्य जुळवत होतो. स्टँडवर बस लागलेली होती. त्या खिडकीत बसल्या, मी खाली उभा राहिलो. तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "सर, एक सांगायचं राहून गेलंय. तुम्ही इतकं सगळं केलंत आणि मी तुमच्या परिषदेचा विचका केला. मला नंतर कळलं काय झालं असेल ते. तो कॅन मी जुना घेतला होता. आधी त्यात फिनेल असावं. घाईत नीट धुतला नाही. अजूनही शाळेत एखादं भांडं धुताना तेच आठवतं. मुली हसतात मला, बाई किती वेळ धुता म्हणून." त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला. "सॉरी, सर. माफ करा."

वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. कंडक्टरने घंटी दिली. त्या माझ्याकडे बघत होत्या, उत्तराची वाट बघत.

"जाऊ द्या हो," मी म्हणालो. "होतं असं कधी कधी."

त्यांचा चेहरा किती मोकळा झाला! मी मोठ्या मनाने त्यांना माफ केलं होतं. बस वळून महामार्गाकडे निघाली. त्यांनी खिडकीतून हात हलवला, मीही हलवला. आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर, स्टँडवरच्या गर्दीत, कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते वाक्य शेवटी माझ्या तोंडून निघालं: बाई, कॅन स्वच्छ होता. पाणी मी बदललं. मला माफ करा.