खुर्चीच्या उंचीचे वाफे

सोळा डिसेंबर, सकाळचे सात. घरामागच्या वाडीतल्या विटांच्या दोन चौकटी भरण्यास तेव्हा सुरुवात केली. ही वाडी लग्नानंतर पहिल्या वर्षापासून पत्नीच्या हातात होती. यंदा भाद्रपदात विहिरीजवळच्या शेवाळावरून ती घसरली. चंद्रपूरला खुब्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिली. उकिडवे बसणे कायमचे बंद केले.

मुलगा बल्लारपूरला नोकरीला आहे. त्याने आम्हा दोघांना तिकडे राहायला बोलावले. पत्नीने त्याला होकार दिला नाही, नकारही दिला नाही. मला मात्र सांगितले, "माघात माह्या हातानं वाडी लागली तं इथीच राहू. नाई तं इथी बसून का तुमचं तोंड पाहू? जाऊ पोराकडं."

तिला खाली वाकता येत नसल्याने माती वर आणणे भाग होते. पडक्या गोठ्याच्या विटा मातीत रचून खुर्चीच्या उंचीच्या चौकटी आदल्या आठवड्यात उभ्या केल्या होत्या. रुंदी तिचा हात पोचेल एवढीच ठेवली. असे उंच वाफे हिवाळ्यातच भरावे लागतात. आतला पालापाचोळा कुजून दबतो आणि उन्हाळी भाजीच्या वेळेपर्यंत माती स्थिर होते. उशिरा भरलेला वाफा रोपांसकट खचतो.

तळाशी कपाशीच्या पऱ्हाट्या घातल्या, त्यांवर सागाची वाळकी पाने, मग शेणखत. सर्वांत वर बोडीतला, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यातला, काळा गाळ. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून तो पायांनी तुडवला. मी आयुष्यभर शाळेत शिकवले, परंतु घरचा धान कधी सोडला नाही. धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे खाचराचा बांध, आमच्याकडे तुडवूनच पक्का करतात. ओली माती दिसली की टाच आपोआप पडते. कडाही धुऱ्यासारख्या उचलून घेतल्या.

शेजारी मळणीला निघाले होते. कुंपणाशी थांबून म्हणाले, "गुरुजी, दोघांच्या समाध्या आतापासूनच बांधून राह्यले का?"

ओसरीतून पत्नीने उत्तर दिले, "हो भाऊ. दोन येगयेगळ्या. जित्तेपणी भांडलो तेवढं पुरे झालं."

मी काम थांबवले नाही.

दुपारी ती वॉकर घेऊन आली, खुर्चीवर बसली आणि भरलेल्या वाफ्यात बोटे घालून पाहिली. बोटे आत गेली नाहीत. तिने तांब्याभर पाणी मागितले आणि ओतले. पाणी वरच थांबले.

"हा वाफा नाई, बांधी आहे. इथी भेंडी लावू का धान रोवू?"

"हळूहळू भुसभुशीत होईल," मी म्हणालो.

"कवा? गोटा झाला त्याचा. मुळ्या काय पहार घेऊन येतीन?"

पाणी अजून वरच होते.

दोन्ही चौकटी फावड्याने रिकाम्या केल्या. गाळाची ढेकळे फावड्याच्या पाठीने फोडली, त्यांत नाल्याची वाळू, धानाचे तूस आणि शेणखत मिसळले. पऱ्हाट्या आणि पाने पुन्हा तळाशी मोकळी पसरली. मिसळलेली माती घमेल्याने हलकेच सोडली. मध्येच सवयीने माझा पाय चौकटीवर गेला.

"पाय!" ती ओरडली.

पाय मागे घेतला. उरलेला सर्व वेळ ती तेथेच बसून माझ्या पायांकडे पाहत होती.

ऊन उतरले तेव्हा दुसरी चौकट भरून झाली. तिने मातीत हात घातला. तो मनगटापर्यंत गेला. पाणी ओतले, तेही मुरले. बराच वेळ हात आतच ठेवला. तेवढ्यात मुलाचा फोन आला. तिचे हात मातीचे असल्याने मी फोन स्पीकरवर धरला.

"आई, गाडी घेऊन कवा येऊ तुमाले न्याले?"

"चैतात ये. ढेमसे ने थैली भरून. आमाले न्याची गाडी नको."

"बाबा काय म्हणून राह्यले?"

"ते काय म्हणतीन? सकाळपासून भरून राह्यले, उपसून राह्यले, आन् पुना भरून राह्यले."

फोन ठेवल्यावर ती उठू लागली. खुर्चीचा मागचा पाय जमिनीत रुतला आणि खुर्ची कलली. तिने वाफ्याची कड धरली. विटा हलल्या नाहीत. तिला ओसरीपर्यंत सोडून मी परत आलो.

अंधार पडू लागला होता. विहिरीच्या बाजूला पडलेली जुनी फरशी ओढत आणून वाफ्यापाशी टाकली, तीवर खुर्ची ठेवली आणि स्वतः बसून पाहिले. एक कोपरा हलत होता. त्याखाली विटेचा तुकडा सरकवला.