अटेंडरची जागा

प्रकृती ठणठणीत असताना आमच्या अण्णांइतका काळ इस्पितळात काढलेला दुसरा माणूस बेंगळुरूत शोधून सापडणार नाही. सर्दीपलीकडे त्यांना काही झाल्याचं मला आठवत नाही आणि सर्दीलाही ते आल्याच्या काढ्यापलीकडे कधी दाद देत नाहीत. पण शहरातल्या कुठल्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावरचा पंखा कुरकुरतो, कुठली बाकं पाठीला टोचतात, कुठला पहारेकरी प्रेमळ आणि कुठला खाष्ट, हे सगळं त्यांना तोंडपाठ. अण्णा आर्किटेक्ट आहेत. जयनगरात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे आणि तिथे ते, बसवराज नावाचा ड्राफ्ट्समन आणि मी अशी तीनच माणसं. उभ्या आयुष्यात त्यांनी इस्पितळांखेरीज दुसऱ्या कशाचे नकाशे काढले नाहीत. एकदा एका स्नेह्यांनी फारच भीड घातली म्हणून बंगला काढला, तर त्याच्या झोपायच्या खोलीचं दार स्ट्रेचर आरामात आत जाईल एवढं रुंद ठेवलं. का, ते स्नेह्यांना खुलासेवार सांगितलंसुद्धा. त्या गृहस्थांनी पुन्हा फोन केला नाही.

अण्णा मूळचे निपाणीकडचे. त्यांच्या मराठीत कानडी इतकी मिसळलेली आहे की वाक्य कुठल्या भाषेत सुरू झालं आणि कुठल्या भाषेत संपलं हे त्यांनाही सांगता येऊ नये. मी पुण्याची, लग्नानंतर नवऱ्याच्या मारतहळ्ळीतल्या नोकरीमागे इथे आलेली. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘सर’ म्हटलं, तर ते मागे वळून पाहायला लागले. म्हणाले, “सर शाळंत असतात गं. अण्णा म्हण की.” तेव्हापासून ते अण्णा. बसवराजचे अण्णा, कोपऱ्यावरच्या फळवाल्याचेही अण्णा, आणि ज्या रिक्षावाल्याला ते स्वतः अण्णा म्हणतात त्याचेही अण्णाच.

दर रविवारी अण्णा मोसंब्यांची पिशवी घेऊन कुठल्यातरी इस्पितळात जात. तिथे त्यांच्या ओळखीचं कुणी दाखल झालेलं नसे. “हातात फळं असली की गेटवर कोण विचारत नाही,” हा त्यांचा अनुभव. खिशात मोजायची टेप आणि छोटी वही. मग ते बाहेरच्या गर्दीत जाऊन बसत आणि माणसं कशी बसतात, चपला कुठे काढतात, पिशवी कुठे टेकवतात हे पाहत राहत. तासाभरात ते कुणाचे ना कुणाचे नातेवाईक झालेले असत. कुणाला फॉर्म भरून दे, कुणाची चिठ्ठी घेऊन औषधांच्या रांगेत उभे राहा. एका सोमवारी ते दंडावर कापसाचा बोळा चिकटवून ऑफिसात आले. हुबळीहून आलेल्या कुणाच्या तरी आईला रक्त हवं होतं, ते देऊन आले होते. मी विचारलं, “ओळखीचे होते?” तर म्हणाले, “आता झाले की.” त्यांची ती वही मी एकदा चाळली होती. मला वाटलं होतं आत मापं असतील. मापं होतीच, पण त्यांच्या शेजारी लिहिलं होतं: सून सासऱ्याजवळ बसते तेव्हा बाकाच्या अगदी टोकाला बसते. बाक लांब पाहिजे.

आमच्याकडच्या इस्पितळांत पेशंटबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाला अटेंडर म्हणतात. अण्णांचा सगळा जीव या अटेंडरवर. नव्या डॉक्टरांशी पहिली बैठक झाली की ते एकच प्रश्न टाकत, “पेशंटला पलंग असतोय, डॉक्टरला खुर्ची असतीय, नर्सला टेबल असतंय. अटेंडरला काय असतंय?” आणि डॉक्टर विचारात पडले की स्वतःच उत्तर देत, “पिशवी.” त्यांच्या प्रत्येक इस्पितळात प्रत्येक मजल्यावर एक खोलगट कोपरा असे. तिथे एक खिडकी, अंग टाकता येईल असं बाक, हात धुवायला बेसिन, डबा ठेवायला फळी आणि पिशवी अडकवायला खुंटी. नकाशावर त्याला काही भारदस्त नाव द्यावं असं मी सुचवलं होतं. ते नुसतं ‘जागा’ लिहीत. या जागेपायी त्यांनी तीन कामं सोडली. एका ठिकाणी तर वाद फक्त बेसिनचा होता. अण्णांनी नकाशांची गुंडाळी केली, ती काखेत मारली आणि बसने घरी आले. मी म्हटलं, “अण्णा, एका बेसिनवरून?” ते म्हणाले, “हात न धुता जेवायचं का माणसानं?”

माझी खात्री होती की या वेडामागे काही दुःख असणार, एखादं लाडकं माणूस गेलेलं असणार. धीर करून मी एकदा विचारलं. अण्णा अगदी गोंधळले. म्हणाले, “आमच्यातले सगळे म्हातारे होऊन घरातच गेले गं. स्वतःला काय झाल्याशिवाय दुसऱ्याची अडचण दिसत नाही का?” मी इतकी ओशाळले की तो विषय पुन्हा काढला नाही.

नकाशा पुरा झाला की तो कागदावरून खरा मानायचा नाही, अशी त्यांची रीत होती. ऑफिसच्या गच्चीवर ते खडूने सगळी खोली पूर्ण मापाची आखत. पलंग, दार, खिडकी, जागा, सगळं. मग मी पेशंट आणि बसवराज अटेंडर. मला चादर घेऊन सतरंजीवर निजावं लागे आणि बसवराजला दोन तास उकिडवा, टेकून, पाय सोडून असा निरनिराळ्या तऱ्हांनी बसावं लागे. एकदा अशीच मी डोक्यावरून चादर घेऊन पडले होते, कारण ऊन फार होतं. बसवराज शेजारी डोकं हातात धरून बसला होता. कंबर भरून आली होती बिचाऱ्याची. तेवढ्यात खालच्या घरमालकीण अक्का धुणं वाळत घालायला वर आल्या. त्यांनी क्षणभर पाहिलं, बादली खाली ठेवली आणि बसवराजच्या शेजारी जमिनीवर बसून डोळ्यांना पदर लावला. मी घाबरून चादर काढली, तर त्या किंचाळल्या. आम्ही सगळे त्यांची समजूत घालत होतो, पण अण्णांचं लक्ष खडूच्या रेघांकडे. म्हणाले, “बघितलास काय बसवराज? दुसरं माणूस येतंच. आणि त्याला खाली बसावं लागलं.” त्यांनी तिथल्या तिथे बाक आणखी दोन हात लांब केलं. अक्कांनी पुढे आठवडाभर आमच्याशी अबोला धरला होता.

हे सगळं ज्या इस्पितळासाठी चाललं होतं ते सर्जापूर रोडला व्हायचं होतं. एक डॉक्टर नवरा-बायको, त्यांच्या पाठीशी पैसे घालणारी एक कंपनी आणि पाच मजले. खांब उभे राहिले आणि मंदी आली. आसपासच्या कंपन्यांनी माणसं कमी करायला सुरुवात केली, पैसे घालणाऱ्यांनी हात आखडता घेतला, काम थांबलं. खांबांच्या डोक्यावरच्या सळया गंजायला लागल्या. ऑफिसातली बाकीची दोन कामंही एकामागून एक बंद झाली आणि फोन वाजला की आम्ही तिघंही मान वर करून पाहू लागलो. त्याच सुमाराला माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णा एक दिवस सहज म्हणाले, “नवरा तुला सोडायला येतोय अलीकडं. वेळ असतोय त्याला?” मी म्हटलं, “हो, असतो.” त्यांनी मान हलवली आणि ते पुन्हा नकाशावर वाकले.

काही महिन्यांनी सर्जापूर रोडचं काम पुन्हा सुरू करायचं ठरलं, पण खर्च निम्म्यावर आणून. कंपनीने एक नवा मॅनेजर पाठवला होता. मुंबईचा, तिशीतला, बोलायला मऊ. तो वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत बैठक झाली. अण्णांनी खर्च कमी करायची यादी आणली होती: दोन मजली उंच लॉबी नको, संगमरवरी भिंत नको, पुढची काच नको. मॅनेजरने ती यादी शांतपणे ऐकून घेतली. म्हणाला, “सर, लॉबी बघूनच तर लोक डिसाइड करतात. त्यापेक्षा ही अटेंडरची स्पेस काढली तर प्रत्येक फ्लोअरवर दोन बेड वाढतात. अटेंडर कुठे काय पे करतो?” मग तो आवाज आणखी खाली आणून म्हणाला, “नाहीतर आम्हाला दुसरा आर्किटेक्ट बघावा लागेल. प्लीज, राग मानू नका.” डॉक्टरीणबाई टेबलाकडे बघत होत्या.

पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. गुंडाळी, काख आणि बस. मी कागद गोळा करायला घेतलेसुद्धा. आणि कागद गोळा करता करता मी मनात देवाला विनवत होते की आज अण्णांनी उठू नये. ती जागा जाऊ दे, लोक बसतील कुठेही, पण माझी नोकरी राहू दे. मला याची लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण विनवणं काही थांबलं नाही.

अण्णांनी माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाले, “पट्टी दे.” मी पट्टी दिली. त्यांनी पाचही मजल्यांच्या नकाशांवर ती जागा एकेक करून खोडली. सरळ, स्वच्छ रेघा मारून. मग तिथे दोन पलंग आखले आणि मॅनेजरला म्हणाले, “दोनच बसतील. तिसरा घालू नका, दार उघडणार नाही.”

परतताना रिक्षात ते सगळा वेळ रिक्षावाल्याशीच बोलत होते, त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल. ऑफिसच्या फाटकाशी उतरल्यावर मला म्हणाले, “तुझ्या नवऱ्याला म्हणावं, घाई करू नको. सावकाश मिळंल चांगलं काम.” म्हणजे त्यांना माहीत होतं. मी तिथेच फाटकाला धरून उभी राहिले. आभार मानावेत तर कशाचे, हेच मला कळेना.

त्या एका कामाने आम्हा तिघांना तारलं. नवऱ्यालाही पुढे नोकरी लागली. अण्णांनी बाकीचं इस्पितळ नेहमीच्याच निगुतीने पुरं केलं, पण रविवारचं जाणं सोडलं. बसवराजने एकदा आपण होऊन मोसंबी आणून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती आमच्यात वाटून टाकली. उद्घाटनाला गुडघा दुखतो म्हणून गेले नाहीत. मी गेले होते. लॉबी खरोखरच सुंदर झाली आहे.

मागच्या महिन्यात एका दाराची तक्रार आली म्हणून मी पुन्हा तिकडे गेले. आता तिथे माणसं होती. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोर एक म्हातारं जोडपं वर्तमानपत्र पसरून बसलं होतं. बाई मांडीवर डबा उघडत होत्या. पहारेकऱ्याने येऊन त्यांना कानडीत सांगितलं की इथे बसायचं नाही. तोही बिचारा ओशाळा होऊनच सांगत होता. त्यांनी डब्याला झाकण लावलं, वर्तमानपत्राची घडी घातली आणि कुठे जायचं ते न कळून दोघं उभी राहिली. मी दार तपासलं आणि निघाले.

ऑफिसात आल्यावर अण्णांनी दाराचं विचारलं. बिजागरी ढिली होती, मी सांगितलं. मग ते म्हणाले, “लोक बसतात कुठं?”

मी म्हटलं, “आहे की जागा, अण्णा. लिफ्टच्या पलीकडे.”

“ऊन येतंय?”

“सकाळचं येतं.”

लिफ्टच्या पलीकडे भिंत आहे. ती अण्णांनीच आखलेली आहे. तिची जाडीसुद्धा त्यांना पाठ असणार. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “सरी, ठीक. बरं झालं मग.”

नवरा म्हणतो, एकदा त्यांना खरं सांगून टाक, तुझं मन हलकं होईल. ते लिफ्टसमोरचं जोडपंही सांग आणि त्या दिवशी पत्र्याच्या खोलीत तू काय विनवत होतीस तेही सांग. मी रोज ठरवून जाते आणि त्यांच्या टेबलासमोर उभी राहते. अण्णा चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, “काय गं, चहा झाला का?” मी म्हणते, झाला, आणि आपल्या जागेवर जाऊन बसते.