डोंगा कोण हलवत होतं?

डोंगा हलत होता आणि मी दोष स्वतःला देत होते. मला पोहता येत नाही. आरोग्य सेविका म्हणून अठरा वर्षं गडचिरोली जिल्ह्यात, तीही नदीकाठच्याच उपकेंद्रात काढली, पण पाण्याची भीती काही गेली नाही. डोंगा म्हणजे एका खोडातून कोरलेली अरुंद होडी. आत बसणारा थरथरला की तीही थरथरते.

पलीकडच्या गावात मलेरियाची साथ होती. पूल पाण्याखाली. तिथल्या आशाताईंकडचे टेस्ट किट आणि लहान मुलांच्या गोळ्या, दोन्ही संपलं होतं. दोन वर्षांच्या सोनीचा ताप उतरत नव्हता. डॉक्टरसाहेब फोनवर म्हणाले, "सिस्टर, रिस्क घेऊ नका. पण औषध आजच पोचलं पाहिजे." दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

"बाई, हलू नका नं," नावाडी सुधाकरभाऊ म्हणाले.

मी डोंग्याचा काठ सोडून औषधांची पेटी धरली. श्वाससुद्धा बेताने घेतला. डोंगा हलतच होता.

"भाऊ, मी कुठी हलून राह्यली?"

"नाई. मीच व्हय तो. थंडी वाजून राह्यली."

भर उन्हात त्यांचे दात वाजत होते. आणि आम्ही मधोमध.

"कवापासून?"

"सकाळपासून. सांगतलं असतं तं तुमी सुई टोचली असती." त्यांनी वल्हं माझ्याकडे सरकवलं. "हातात जीव नाई आता. धरा."

"मी?"

"मंग कोण? पेटी?"

मी वल्हं मारलं. डोंगा जागच्या जागी गोल फिरला.

"बाई, गाव तिकडं हाय."

"मले दिसते."

"डोंग्याले नाई दिसत नं. दुसऱ्या बाजूनं मारा."

ते कुडकुडत सांगत गेले, मी देवाचं नाव घेत मारत गेले. गावाच्या बरंच खाली, बेशरमाच्या झुडपात डोंगा अडकला. आशाताई आणि सोनीला कडेवर घेतलेली तिची आई काठाकाठाने धावत आल्या.

टेस्ट सोपी असते. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर टाकायचा. एक रेघ उमटली तर मलेरिया नाही, दोन उमटल्या तर आहे. सोनीच्या दोन आल्या. गोळी पाण्यात विरघळवून दिली, ती तिने माझ्या साडीवर उलटून टाकली. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा, असा नियम आहे. दुसरा डोस पोटात राहिला.

मग मी सुधाकरभाऊंकडे वळले.

"मी बरा हावो," ते म्हणाले. "मले सुईचं भेव लागते."

"मले पाण्याचं लागते. तरी आली ना?"

त्यांनी डोळे मिटून बोट पुढे केलं. थोड्या वेळाने एक डोळा उघडून पट्टी पाहिली.

"दोन रेघा? पास झालो काय?"

"मलेरियात. पयली गोळी माझ्यासमोर घ्या."

मला डोंग्यातून परत सोडायला आशाताईंचे दीर आले. त्यांचा ताप मी आधी मोजला. तिसऱ्या दिवशी आशाताईंचा फोन आला: सोनीचा ताप उतरला, आता ती कोंबड्यांमागे पळते.

डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "सिस्टर, पोचलात कशा?"

"डोंगा वल्हवून, सर."

"आणि नावाडी?"

"तो पेशंट होता."

लोक डोंग्यात बसण्याआधी पाणी किती चढलंय ते बघतात. मी आधी नावाड्याच्या कपाळाला हात लावते. सुधाकरभाऊंना ते आवडत नाही. म्हणतात, "माह्या कपायाचं सोडा बाई, पयले सरळ वल्हवाले शिका."