पुष्पाचं वाचन आणि शुक्रवारचे बंद लूम

शिकवण्याची पदविका असलेली आमच्या घरात मी एकटीच होते, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे.

त्यामुळे माझी भाची पुष्पा पुन्हा तिसरीत नापास होण्याच्या बेतात आली, तेव्हा मला वाईट वाटलं तसं थोडं बरंही वाटलं. (वाईट तिच्यासाठी, बरं माझ्यासाठी. पदविका घेऊन पोळ्याच लाटत होते!) पोरगी हुशार होती. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगायची. पण पुस्तक उघडलं की अक्षरं तिच्यासमोर उड्या मारायची. एका ओळीवर चढायची आणि भलत्याच ओळीवर उतरायची. ऐंशीच्या दशकात भिवंडीत या त्रासाला एकच नाव होतं: ढ.

"शुभे, तिला न्हाय जमत," दादा म्हणाला. "शाळेतल्या मोठ्या बाई बोलल्या, यंदा वाचता आलं न्हाय तर वर ढकलनार न्हाय. मग मी तिला घरीच बसवतो. तिच्या आयला तरी मदत हुईल."

पुष्पा दारात उभी होती. तिने मान खाली घातली.

"माझ्याकडे दे तिला," मी म्हणाले. "प्रत्येक मुलाची शिकायची रीत वेगळी असते. ती शोधावी लागते."

"शोध," दादा म्हणाला. "पन परीक्षेच्या आत शोध."

आम्ही मूळचे अंजूर गावचे, पण दादा कापड विणायच्या लूमवर लागल्यापासून भिवंडीत निजामपुऱ्यात राहत होतो, तेही तो कामाला होता त्या कारखान्याच्या बरोबर वर. खाली लूम आपटायचे आणि वर आमच्या ताटातलं वरण थरथरायचं. पदविकेच्या पुस्तकात 'शांत वातावरण' हा पहिलाच मुद्दा होता. मी तडक खाली जाऊन मालक शब्बीरचाचांना म्हणाले, "चाचा, संध्याकाळी तासभर लूम बंद ठेवा ना."

"बेटी, लूम बंद म्हणजे तुझ्या भावाची शिफ्ट पण बंद," चाचा म्हणाले. "सोच ले."

मी विचार केला आणि वर आले.

मग मी पुष्पाच्या कानात कापूस कोंबला. आता तिला लूम ऐकू येईनात, आणि मीही ऐकू येईना! म्हणून मी ओरडून शिकवू लागले. शेजारच्या काकू धावत आल्या आणि भांडण कशावरून म्हणून विचारू लागल्या.

एका संध्याकाळी तिच्या एका कानातला कापूस गळून पडला. आमच्या खोलीच्या खाली एक जुना लूम होता, तो बाकीच्यांपेक्षा जड आपटायचा. त्याच्या प्रत्येक ठोक्याला पुष्पाचं बोट एकेक अक्षर पुढे सरकू लागलं. खटाक, रा. खटाक, जा. तिची ओळ सुटली नाही की एकही उडी पडली नाही.

"आत्या, ठोका पडला की मी पुढं जाते," ती म्हणाली. "मग अक्षरं हलत नाहीत."

त्या दिवसापासून मी या प्रकाराला 'माझी पद्धत' म्हणू लागले. (शोध पुष्पाचा, लूम चाचांचा, पण पदविका माझी!) आम्ही रोज बसायचो. फक्त शुक्रवारी नाही, कारण शुक्रवारी कारखाने बंद, दादाला सुट्टी, मग अभ्यासालाही सुट्टी. पुष्पा पानंच्या पानं वाचू लागली.

मोठ्या बाईंनी पुष्पाला वाचून दाखवायला कधी आणता म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "शुक्रवारी. दादाला सुट्टी असते, त्यालाही बघू दे."

शुक्रवारी आम्ही तिघं बाईंच्या खोलीत गेलो. बाईंनी धडा उघडला. "वाच, बाळ."

पुष्पाने बोट ठेवलं आणि वाट बघत राहिली. मीही वाट बघत राहिले. कशाची, ते कळायला मला जरा वेळच लागला. अख्खी भिवंडी गप्प होती!

पुष्पाने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. मी टेबलाखाली चप्पल आपटायला सुरुवात केली.

"पाय का आपटताय?" बाई म्हणाल्या.

"मुंग्या आल्यात."

तिचं बोट एक अक्षर सरकलं आणि माझ्या मुंग्यांसोबत थांबलं. मग मात्र मी लाज सोडली आणि तोंडानेच "खटाक, खटाक" सुरू केलं.

"जोरात कर गो, तिला ऐकू जात न्हाय," असं म्हणून दादाने शेजारचं पत्र्याचं कपाट बडवायला घेतलं. कपाटावरचा पृथ्वीचा गोल गडगडत खाली आला. शिपाई धावत आला. बाजूच्या वर्गातली मुलं खिडकीला लटकली. शिकवण्याची पदविका घेतलेली बाई मोठ्या बाईंसमोर लूम झाली होती!

"तुम्ही दोघं बाहेर व्हा," बाई म्हणाल्या. "आत्ता."

आम्ही बाहेर आलो. दार बंद झालं. गेलं सगळं, मला वाटलं, पोरगी माझ्यामुळे घरी बसणार. मी दाराला कान लावला. आधी काहीच ऐकू येईना. मग हळूच टक, टक ऐकू आलं. पुष्पा स्वतःच्या टाचेने फरशीवर ठोका धरत होती आणि वाचत होती. हळू, पण पानाच्या शेवटापर्यंत.

"वाचते गो ती," दादा म्हणाला आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसू लागला. मीही रडत होते.

बाई दार उघडून बाहेर आल्या. "चौथीत बसवते हिला. अशा अजून काही मुली आहेत माझ्याकडे, त्यांनाही तुमच्याकडे पाठवेन म्हणते."

मी पदर सावरला. "पाठवा ना बाई. माझी पद्धतच तशी आहे."

"बघितली," बाई म्हणाल्या. "पुष्पा वाचायला लागली ती तुम्ही बाहेर गेल्यावर. तेव्हा तो बाहेर जायचा भाग आधी घेत जा."