आतल्या बाजूची तार

आई जाऊन सात महिने झाले होते, तेव्हा दादाला बहिणीच्या उशीच्या अभ्र्यावर रक्त दिसलं.

ही दोघं भावंडं एकाच मोठ्या लाँड्रीत कामाला होती. रोलरमधून गरम चादर बाहेर पडली की दोन टोकं तो धरायचा, दोन ती. जवळ यायचं, घडी घालायची, पुन्हा लांब व्हायचं. यंत्रांचा गोंगाट असा, की बाकीचे घसा फोडून ओरडायचे. ही दोघं मात्र दिवसभर निवांत बोलायची. सातव्या वर्षी तापात दादाचे कान गेले होते आणि तो बहिणीच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकला होता. "इथे तुम्ही सगळे बहिरे, मी एकटा धडधाकट," असं तो लोकांना ऐकवायचा.

बहीण एकोणपन्नास वर्षांची. अकरा वर्षं तिने अंथरुणावरच्या आईची कूस बदलली. आई गेली त्या दिवशी नातेवाईक तिच्या रडण्याची वाट बघत बसले. तिने चहा केला, कपबशा विसळल्या आणि चौथ्या दिवशी कामावर आली. त्यानंतर तिला भूक लागेना, चव कळेना. कुठे दुखलंखुपलं तरी लक्षात येत नसे.

घरचे अभ्रे ती गुपचूप लाँड्रीच्या ढिगात घालायची, आणि डागांच्या बाबतीत दादाची नजर पक्की होती.

"हे रक्त कुणाचं?"

"माझं असेल."

"तोंड उघड बघू."

वरच्या दातांच्या मागे टाळूला जखम झाली होती. खालचे दात तिथे रुतत होते.

हिरड्यांवर आधी दोन महिने उपचार झाले. मग दात सरळ करणाऱ्या डॉक्टरीण बाईंकडे दोघं गेली. वयाने तिशीच्या आतबाहेर, तोंडावर मास्क. टेबलावर प्लास्टरचे जबडे मांडलेले.

"हाड झिजलं की या वयात दात सरकतात, मावशी. ते जागेवर आणावे लागतील," डॉक्टर म्हणाल्या आणि एकेक जबडा पुढे करू लागल्या. "ही समोरून धातूची तार. ही दातांच्या रंगाची, कमी दिसते. हे पारदर्शक साचे, दिवसातून बावीस तास घालायचे, जेवताना काढायचे. आणि ही आतून, जिभेच्या बाजूने बसते. जबड्याचं ऑपरेशनही असतं, पण तुम्हाला त्याची गरज नाही. मोठ्या माणसांना वेळ लागतो. दोनेक वर्षं धरून चाला."

"कुठलंही चालेल."

"कुठलंही कसं? तोंड तुमचं आहे."

"तुम्हीच ठरवा."

दादाला मास्कमागचं एक अक्षर कळलं नव्हतं. पण समोरून तार लावलेला जबडा उचलून तो त्याच्या नेहमीच्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाला, "ही लावली तर हिचे ओठ फुगतील. मग मी वाचू काय?"

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. "तुम्ही ओठ वाचता?"

"हिचे. बाकीच्यांचे वाचण्यासारखे नसतात."

"मग आतली तार घ्या," त्या आता त्याच्याकडे बघून सावकाश म्हणाल्या. "ओठ आहेत तसे राहतील. खालचे दातही टाळूऐवजी त्या तारेच्या ठोकळ्यांवर टेकतील. पण जीभ सोलवटेल, आणि सुरुवातीला बोलणं बोबडं होईल. म्हणून पुष्कळ जण नको म्हणतात."

"बोबडं झालं तर ह्याला कुठे ऐकू येतंय," बहीण म्हणाली.

डॉक्टर हसल्या, दादाही हसला. ती दोघांकडे बघत राहिली.

तार बसली. जीभ खरोखरच सोलवटली. चादरींचे आकडे ती मुकादमाला फोनवर कळवायची; त्याला तिचे 'सत्तर' आणि 'शंभर' वेगळे कळेनात, तेव्हा ते काम दुसरीकडे गेलं. धुण्याकडच्या बायका तिची नक्कल करायच्या. तिला त्याचं काही वाटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात चादरीची टोकं हातात घेऊन दादा म्हणाला, "चिमणे, मला तुझं काही कळत नाही."

"ओठ तर तेच आहेत."

"तारेचं नाही गं. तू ओठ हलवतच नाहीस. आई गेल्यापासून. मी नुसती मान डोलावतो."

मागे रोलरमधून दुसरी चादर येऊन जमिनीवर साचायला लागली.

"इतके महिने?"

"हो."

"मग सांगायचंस ना."

"बघ, आत्तासुद्धा अंदाजाने बोलतोय."

तिने तोंड नीट उघडलं. जीभ तारेला घासली. "काय सांगू?"

"काहीही."

"सकाळी दूध उतू गेलं."

"दूध?"

"दूध. शेगडी पुसली. मग बस चुकली."

मग रोज ती काही ना काही सांगू लागली. सांगावंसं वाटत होतं असं नाही. भांडी घासावीत तसं ती सांगायची, ओठ मोठे करून, एकेक शब्द. दादा तिच्या तोंडाकडे बघत घड्या घालायचा. टाळूची जखम दोन महिन्यांत भरली. पुढच्या वर्षी एकदा तार आवळून आल्यावर ती म्हणाली, "आज फार दुखतंय." दादाने यंत्र बंद केलं आणि विचारलं, "कुठे?" तिने बोट लावून दाखवलं. मुकादम ओरडत आला तोवर दोघं तिथेच उभी होती.

सव्वादोन वर्षांनी तार निघाली. डॉक्टरांनी हातात आरसा दिला. दात एका ओळीत उभे होते.

"कसं वाटतंय, मावशी?"

"सरळ झालेत."

दादा बाहेर बाकावर बसला होता. "काय म्हणाल्या?"

"खालच्या दातांना मागून एक बारीक तार ठेवलीय. ती कायमची. वरच्यांना रात्री साचा."

"अजून?"

"बास, एवढंच."

दुपारची पाळी गाठायची होती. दोघं बसथांब्याकडे चालू लागली.